पेजेतली गोळी

विसरवाडीच्या आमच्या दवाखान्यात औषधं संपायची, किस्से मात्र साचतच गेले. साठ सालाच्या आसपास मी तिथे कंपाउंडर होतो. डॉक्टरसाहेब म्हणायचे, "भूक नुसती पोटाची नसते! पोट वर मेंदूला तारा पाठवतं. एकदा वाईट तार गेली की माणसाचं त्या अन्नावरचं मनच उडतं."

*

कळसाडीचे एक ऊसवाले पाटील. गूळ खाल्ला आणि त्याच संध्याकाळी हगवण लागली. दोष विहिरीच्या पाण्याचा होता, पण तेव्हापासून गुऱ्हाळ पेटलं की हे सासुरवाडीला पळायचे! म्हणायचे, "गूळना काही गुन्हा नही, मालेबी समजस. पण पोट ऐकत नही!"

*

आमच्या नर्स शांताबाई चहाला शिवत नसत. लहानपणी आई त्यांना चहातून एरंडेल द्यायची. "नुसता वास आला तरी पोटात मुरडा येतो हो!" त्यावरून साहेबांनी नियमच केला, की रोग्याच्या आवडीच्या खाण्यात औषध कालवायचं नाही. मी हसून मान डोलावली होती.

*

झुनीबाई डोंगरातली, ऊसतोडीला खाली आलेली. हिवतापानं पार सुकली होती. दूध नको, भात नको. नवरा रुमशा वाळक्या भोपळ्याच्या तुंब्यातून नागलीची, म्हणजे नाचणीची, पेज आणायचा, तिचेच काय ते चार घोट घ्यायची. हिवतापाची कडू गोळी मात्र थुंकून टाकायची. साहेब काळजीत होते. "गोळी पोटात गेली नाही तर ही वाचत नाही, आणि पेज सुटली तरी वाचत नाही."

एका दुपारी साहेब नसताना मी शहाणपणा केला. गोळी कुटून पेजेत कालवली. ती विश्वासानं प्यायली आणि सगळं ओकली. दुसऱ्या दिवशी तुंबा दिसताच तिनं तोंड फिरवलं. तिसऱ्या दिवशीही तेच.

रुमशा माझ्याकडे आला. "कंपाउंडरसाहेब, मन्हंच काही चुकनं का?" बिचारा रोज नागली नव्यानं दळून आणत होता. मला माझीच लाज वाटली. सगळं सांगून टाकलं. वाटलं, आता हा मारणार.

त्यानं तुंबा उचलला. मग वाटीत पेज ओतून माझ्यासमोर धरली.

"गोळी टाक. आते तू पी. तिना समोर."

झुनीबाईच्या खाटेपाशी उभा राहून मी गोळी कुटून पेजेत टाकली आणि वाटी तोंडाला लावली. डोळ्यांत पाणी आलं, पण शेवटच्या घोटापर्यंत प्यालो. ती टक लावून बघत होती. तिनं नवऱ्याला त्यांच्या बोलीत काहीतरी विचारलं. त्यानं माझ्याकडे बोट दाखवून उत्तर दिलं. आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा ती बाई हसली!

रुमशानं दुसरी वाटी भरली. झुनीबाईनं आधी गोळी मागितली. पाण्याबरोबर गिळली. मग वाटीकडे हात केला.