वन्संचं ॲव्हरेज

९ नोव्हेंबर. दुपारचं जेवण आटोपून मी अंगणात व्हॅनचा एअर फिल्टर झटकत बसले होते. जोयड्याच्या रस्त्याची तांबडी धूळ त्यात इतकी बसते की हातात फिल्टर आहे की वीट, तेच कळत नाही. फिल्टर तुंबला की गाडी धापा टाकते आणि पेट्रोल जास्त पिते. हे ज्ञान मला माझ्या थोरल्या नणंदेनं दिलं. म्हणूनच तो झटकताना मी जरा जास्त जोरात आपटते.

वन्संच्या हातात गाडी पेट्रोल पीत नसे, नुसता वास घेत असे. रामनगरात आमची बेकरी आहे. पाव, टोस्ट, खारी आणि बटर घेऊन आमची व्हॅन रोज सकाळी जगलबेटवरून जोयड्याला जाते आणि वाटेतल्या चहाच्या दुकानांना माल देत परत येते. नवरा गेल्यावर वन्सं माहेरी परतल्या. जीप चालवायला त्या नवऱ्याकडूनच शिकल्या होत्या. मग एक दिवस त्या, एक दिवस मी, अशी आमची पाळी लागली. गाडी तीच, रस्ता तोच, पावाच्या पेट्याही त्याच. फक्त स्टिअरिंगमागची बाई बदलायची. तेवढ्यानं ॲव्हरेजमध्ये असा फरक पडायचा की तो सगळ्या बाजाराला ठाऊक झाला. पंपावरचा माणूस मला बघून म्हणायचा, "या वैनी, तुमच्यामुळं पंप चालतोय. आक्का आल्या की आमी उपाशी." पंक्चरवाला त्याच्याही पुढचा. "गाडी आक्कांच्या हातात माहेरी असते वैनी, तुमच्या हातात सासरी. म्हणून तर वरडते." मी हसायचे. एका गाडीच्या दोन सवती असल्यावर दुसरं काय करणार?

वन्सं अनवाणी चालवायच्या. चपला काढून सीटखाली सारायच्या आणि सांगायच्या, "निजलेल्या पोरावर पांघरूण घालतीस न्हवं, तसा पाय ठेव. नारळ फोडल्यागत न्हवं." मीही चपला काढून बघितल्या. पायाला खडे टोचले, ॲव्हरेज होतं तिथंच राहिलं.

गाडीत फालतू वजन त्यांना खपत नसे. मी टपावर हौसेनं कॅरिअर बसवून घेतला होता, कुणाचा फणस, कुणाचं पोतं सहज बसावं म्हणून. वन्संनी आठवडाभरात तो उतरवून कोंबड्यांच्या खुराड्यावर टाकला. "टपावर कायतरी घेऊन वाऱ्याशी भांडत जायचं, आन् त्याचं पेट्रोल आपण भरायचं?" मग मागच्या सीटखालून जुन्या छत्र्या, रिकामे ट्रे आणि चाकाला लावायचे दगड निघाले. एक दगड तेवढा ठेवला. शेवटी त्यांनी माझ्याकडे वरपासून खालपर्यंत बघितलं आणि म्हणाल्या, "आता तुला कुटं उतरवू?" वन्सं शेवग्याच्या शेंगेसारख्या. मी वीस वर्षं आमच्याच बेकरीचं बटर खाल्लेली बाई. घरात सगळे हसले, माझा नवरा सगळ्यांत जास्त.

ब्रेक दाबणं त्यांना कमीपणाचं वाटे. पुढं म्हैस दिसली की त्या लांबूनच पाय उचलायच्या. त्या पोचेपर्यंत म्हैस आपल्या वेळेनं रस्ता ओलांडून गेलेली असायची. "ब्रेक मारलास म्हंजे मगाशी जाळलेलं पेट्रोल फुकट गेलं," असं त्यांचं म्हणणं. माझ्या वेळी म्हशी रस्त्यात बसायच्या. उतारावर गाडी न्यूट्रलमध्ये सोडली तर पेट्रोल वाचतं असं मला एका ट्रकवाल्यानं सांगितलं, म्हणून मी एकदा तेही करून बघितलं. ब्रेक दाबत दाबत खाली पोचेपर्यंत चाकांतून जळका वास यायला लागला. वन्संनी दुसऱ्या दिवशी नुसता वास घेऊन ओळखलं. "उतारावर गिअर सोडायचा न्हाई. गाडीला एंजिनानं धरू दे. पेट्रोल वाचवायला जीव जाळतीस व्हय?" ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या समजावून सांगत होत्या.

यंदा उन्हाळ्यात त्यांच्या डोळ्यांत दोष निघाला. डॉक्टरांनी गाडी बंद करायला सांगितली आणि लेक त्यांना गोव्याला घेऊन गेली. कॅसलरॉकच्या स्टेशनवर मी त्यांना पोचवायला गेले. गाडी यायला वेळ होता. इतक्या वर्षांत त्यांनी मला कधी 'बरी चालवतेस' म्हटलं नव्हतं. आज म्हणतील असं मला वाटत होतं. डब्यात चढताना त्यांनी माझा हात धरला, जवळ ओढलं आणि म्हणाल्या, "मागच्या डाव्या चाकात हवा कमी हाय."

खरंच कमी होती.

पावसाळा संपल्यावर नवऱ्यानं विषय काढला. "ताई होती तोवर गाडी परवडत होती. आता सगळं पेट्रोलातच जातंय. खानापूरचा एक माणूस घेतो म्हणतोय. पेट्या बसवर टाकू, तू गल्ल्यावर बस." मी दिवाळीनंतर एक महिन्याची मुदत मागून घेतली. गल्ल्यावर बसायचं म्हणजे दिवसभर त्याच्या शेजारी बसून लोकांना सुट्टे द्यायचे. त्यापेक्षा म्हशी बऱ्या. मग मी वन्संचं सगळं केलं. हवा भरली, फिल्टर झटकला, गाडी रिकामी केली, पाय हलका केला. ॲव्हरेज थोडं वाढलं. वन्संइतकं काही येईना.

कुठं अडतंय ते मला माहीत होतं. जोयड्याच्या अलीकडे एक लांब चढ आहे. आमच्या भागात हात केलेल्या माणसाला गाडीत घ्यायचंच असतं. बस कमी, पावाच्या गाडीत जागा असते, त्याचे पैसे कुणी घेत नाही आणि नाहीही म्हणत नाही. माझ्या वेळी लोक त्या चढाच्या अधेमधे उभे राहतात. एक फणसाच्या झाडाशी, एक ओहोळावरच्या मोरीपाशी, एक वळणावर. भरल्या गाडीनं चढात थांबायचं, हाफ क्लचवर गाडी धरायची, पुन्हा पहिल्या गिअरला रेस करून उचलायची. थोडं पुढं गेलं की पुन्हा तेच. वन्संच्या वेळी मात्र हीच माणसं चढ चालून जायची आणि माथ्यावर, सपाटीला, एका जागी उभी राहायची. एवढी माया लोकांनी त्यांच्यावर का करावी, हे माझं खरं दुखणं. मी वाकून बोलते, टोपली आत घ्यायला मदत करते, म्हातारीला पुढची सीट देते. वन्सं कुणाशी दोन शब्द बोलत नसत.

त्या ९ तारखेला सकाळी मी विचारूनच टाकलं. सीतामावशी केळ्यांची टोपली घेऊन नेहमीसारख्या मोरीपाशी चढल्या.

"मावशी, आक्का असताना तुम्ही वर जाऊन उभं राहायचात. मग माझ्या वेळी इथं का?"

"आक्का थांबायची न्हाई हितं."

"म्हणजे?"

"पयल्या दिशी मी हात केला. गाडी सरळ गेली वर. वर जाऊन एंजिन बंद करून बसली बाई. मी टोपली घेऊन शिव्या देत गेले. दुसऱ्या दिशी पण तेच. मग आमीच वर जायला लागलो. काय करनार?"

"राग नाही आला?"

"आला की! लई कडक बाई. खवीस म्हणायचो आमी तिला." मावशींनी माझ्या दंडावर थोपटलं. "तुमी मायेच्या. तुमी थांबता."

म्हणजे माया वगैरे काही नव्हती. वन्संना लोकांनी खवीस म्हटलेलं चालत होतं, एवढंच. आणि मला मात्र त्या खवीसपणाचाही हेवा वाटला. सगळ्या बाबतीत त्या माझ्या पुढं. मी मायेची आहे, ही एकच गोष्ट माझ्याकडे होती जी त्यांच्याकडे नव्हती. फिल्टर झटकून परत बसवेपर्यंत मी तोच विचार करत होते. लोकांनी मला चांगलं म्हणायचं आणि मी गल्ल्यावर बसून ते ऐकायचं, हा सौदा मला पटला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी चढ लागला तेव्हा फणसाच्या झाडाशी एक हात वर झाला. मी काच खाली करून "वर या" म्हणाले आणि पेट्रोलवरचा पाय हलवला नाही. मोरीपाशी सीतामावशी टोपली उचलून तयारच होत्या. त्यांच्या तोंडावरचं हसू तसंच होतं आणि मी पुढं निघून गेले. आरशात बघायचं टाळलं. माथ्यावर गाडी कडेला घेतली, एंजिन बंद केलं. बराच वेळ रस्त्यावर कुणी दिसेना. मग मावशींचा आवाज आधी आला. मला, माझ्या गाडीला आणि आमच्या बेकरीच्या पावाला त्या काय काय म्हणत होत्या ते स्पष्ट ऐकू येत होतं. मी उतरून मागचं दार उघडून धरलं. त्या आल्या, घाम पुसला, माझ्याकडे बघितलंही नाही. पुढची सीट सोडून मागं बसल्या आणि दार माझ्या हातातून ओढून आपटलं.

फणसापाशी आणि वळणावर उभे असलेले बाकीचे दोघे आल्यावर मी गाडी सुरू केली. जोयड्यापर्यंत माझ्याशी कुणी बोललं नाही. गाडी मात्र चांगली पळाली.