आमची फौजदारबाई

शिरूरहून रांजणगावला जाणाऱ्या कंपनीच्या बसमध्ये मी साप्ताहिकातली मालिका मोठ्यानं वाचून दाखवायचो. सगळे माना पुढे करून ऐकायचे. मालिकेतली फौजदारबाई एकटीच दरोडेखोरांच्या मागावर जायची. पुढे लेखकानं तिला एका डॉक्टरच्या प्रेमात पाडलं आणि खिडकीत रडत बसवलं.

"थांबा साहेब," मागच्या सीटवरचा वडगाव रासाईचा वेल्डर म्हणाला. "आमची बाई अशी रडायची न्हाई. लिहिणाऱ्यालाच लग्नाची घाई झालीया."

बसमध्ये हशा पिकला. तो उठला, दांड्याला पाठ टेकून पुढची गोष्ट स्वतःच्या मनानं सांगू लागला. बाईनं नेम धरला की तो एक डोळा मिटायचा. तेव्हापासून सगळे त्याच्याकडे वळून बसू लागले. मी इतका जळायचो, की त्याचं नावही कधी विचारलं नाही.

मग कंपनीत त्याची पाळी बदलली आणि तो आमच्या बसला येईनासा झाला. "वाचा आता, साहेब," सगळे म्हणाले. मी वाचू लागलो. बाई पुन्हा रडायला बसली, तेव्हा मी छापलेलं सोडून तिला जीपमधून दरोडेखोरांमागे धाडलं.

"हां, आता कसं!" कुणीतरी ओरडलं.

दाद मला मिळाली, पण बाई त्याची होती. त्याचा एवढा हेवा मला आधी कधीच वाटला नव्हता.