आपल्या लेकराचं चांगलं

गुरुजी घरी आले ती संध्याकाळ मला नीट आठवते. मी दुसरीत होते, ताई चौथीत. मोठ्या दुष्काळानंतरचं दुसरं की तिसरं वर्ष असेल. अनसिंगपासून पायवाटेने गाठायचं आमचं गाव. शाळा चौथीपर्यंत. पुढे शिकायचं तर वाशीम, आणि वाशीमला राहायचं तर मुलींचं वसतिगृह. त्या वर्षी आमच्या शाळेतून तिथे एकच मुलगी घेणार होते.

आधीचे गुरुजी आमच्याच भागातले होते. हे नवे, पुण्याकडचे. मुलगी निवडण्याआधी प्रत्येक घरी जायचं आणि आईवडिलांना विचारायचं, असं त्यांनी ठरवलं होतं. परीक्षेतून मूल अर्धंच कळतं, उरलेलं घरचेच सांगतात, असं ते म्हणत. माणूस चांगला होता. आजही मला त्यांचा राग येत नाही.

बाबांनी अंगणात बाज टाकली. आई दाराच्या चौकटीला टेकून उभी राहिली.

"मुलगी घरी कशी आहे?" गुरुजींनी विचारलं. "अगदी मोकळेपणी सांगा."

"कशी राहणार?" आई म्हणाली. "पार येडी हाये. चुलीपाशी बसवली त दूध उतू घालते."

"खाले पुढं, कामाले मांगं," बाबा म्हणाले आणि स्वतःच हसले.

"अभ्यास करते का?"

"कायचा अभ्यास! पुस्तक घेऊन बसते अन् झोपते."

"आणि वसतिगृहात राहील का? आईशिवाय?"

"ते? माह्या पदर सोडत नाई ते, गुरुजी. दुसऱ्या दिवशी रडत वापस येईन."

यातलं एक अक्षरही खरं नव्हतं. मावशीच्या बाळंतपणात ताई रिठदला जाऊन राहिली होती, तिचं सगळं घर सांभाळलं होतं. गावात कुणाचं पत्र आलं की वाचायला तिलाच बोलावत. पण आमच्याकडे परक्या माणसापुढे आपल्या लेकराचं चांगलं कुणी बोलत नसे. आईने तर मुळीच नाही. ताईच्या आधीचे दोन मुलगे पाळण्यातच गेले होते, आणि थोरला गेला त्याच्या आदल्या दिवशी आईने शेजारणीपुढे त्याच्या बाळशाचं कौतुक केलं होतं. तेव्हापासून आम्हा दोघींना तिने वेड्या, आळशी, काळ्या म्हणूनच वाढवलं. आमच्या भागातला माणूस असं बोलणं ऐकून मनात उलटं करून घेई. आधीच्या गुरुजींनी तेच केलं असतं. या गुरुजींनी मात्र शब्दाला शब्द धरला. चहा घेतला, मान हलवली आणि गेले.

पाटलांच्या शेजारची मुलगी निवडली गेली. तिची आई मूळची नागपूरची, तिने सरळ सांगितलं होतं.

आईला कळलं तेव्हा ती कापूस वेचत होती. वेचलेल्या कापसाची ओटी तशीच पोटाशी बांधलेली, ती शाळेत गेली. मी वर्गातच होते, ताई तापाने घरी होती. आई दारातूनच बोलायला लागली. लेक कशी पाढे म्हणते, कशी एकटी राहते, कसं तिला एकदा सांगितलेलं दुसऱ्यांदा सांगावं लागत नाही. सगळ्या वर्गासमोर, एका दमात.

गुरुजी उभेच राहिले. "अहो बाई, मग त्या दिवशी तसं का सांगितलंत?"

"असं काहून इचारता? आपल्या लेकराचं आपणच चांगलं बोलते का कोणी?"

गुरुजी दुसऱ्या दिवशी वाशीमला जाऊन आले. जागा भरली होती. आमच्या घरी येऊन त्यांनी ते उभ्यानेच सांगितलं. या खेपेला चहा घेतला नाही.

चौथी संपली आणि ताई शेतात निंदायला जाऊ लागली. पुढच्या वर्षी बघू, असं बाबा म्हणाले होते. पुढच्या वर्षी ती शेतातली रोजची माणूस झाली होती आणि कुणी काही पाहिलं नाही.

मी चौथीत गेले तेव्हा गुरुजी पुन्हा आले. आई यावेळी चौकटीपाशी थांबली नाही, बाजेजवळ येऊन बसली. माझं सगळं चांगलं तिने सांगितलं. सांगताना पदराचं टोक मुठीत घट्ट आवळून धरलं होतं. आत ताई भाकरी थापत होती. थापण्याचा आवाज मध्येच थांबला.

गुरुजी गेल्यावर ताई म्हणाली, "आई, माह्यं बी सांगतलं होतं ना तू? शाळेत जाऊन?"

"सांगतलं होतं व माय."

"काय सांगतलं होतं?"

आईने एकवार दाराकडे पाहिलं. मग चुलीपाशी बसून हळू आवाजात सांगायला लागली. पाढे, पत्रं, रिठद. मध्ये अडखळली की ताई नुसती "मंग?" म्हणायची. तव्यावरची भाकरी करपली तरी दोघींपैकी कुणी ती उलटली नाही.

जूनमध्ये मी वाशीमला गेले.