बर्फमामांचं पाणी

भर मे महिन्यात स्वेटर घालून वर्सोव्याच्या बंदरावर उभा राहणारा माणूस एकच होता, बर्फमामा. कारखान्यातल्या गारठ्यातून बाहेर आले तरी स्वेटर काढत नसत. "अंगातलो गारवो उतरूक वेळ लागता," म्हणायचे. तोवर कपाळावरून घामाच्या धारा लागलेल्या असायच्या.

मामा मूळचे मालवणचे. बंदराजवळ त्यांचा बर्फाचा छोटा कारखाना होता. मासेमारीच्या बोटी दर्यात निघण्याआधी तिथून बर्फ भरायच्या. मी त्यांच्या ऑफिसात बिलं, पत्रव्यवहार बघायचे. सगळं बंदर त्यांना मामा म्हणायचं, म्हणून मीही.

मामांचं रक्त एकाच गोष्टीने तापायचं, पाण्याच्या बिलातल्या मलनिःसारण आकाराने. घेतलेलं पाणी वापरून पुन्हा गटारात सोडलं जातं, असं धरून तो लावलेला असतो. "गो चेडवा, माझा पाणी गटारात जाताच खंय? ता बोटीत बसान दर्यात जाता!" गोष्ट खरी होती. फक्त ती शांतपणे सांगणं मामांना जमत नसे. चहावाला, बँकेचा वॉचमन, लग्नात शेजारी बसलेला अनोळखी पाहुणा, सगळ्यांना ती ऐकावी लागे.

एकदा पुरावा म्हणून त्यांनी गोणपाटात गुंडाळलेली बर्फाची अर्धी लादी रिक्षात घालून वॉर्ड ऑफिसात नेली. साहेब मीटिंगमध्ये होते. मीटिंग संपेपर्यंत फरशीवर तळं झालं आणि शिपायाने ते लोटत लोटत मोरीत घातलं. साहेब बाहेर आले, फरशीकडे बघत म्हणाले, "काय मामा, गेलं ना गटारात?" रिक्षातून परत येताना मामा माझ्या शेजारी ओलं गोणपाट मांडीवर घेऊन बसले होते. मला हसू आवरत नव्हतं, म्हणून मी रस्त्याकडे तोंड करून बसले.

पुढे वॉर्डात नव्या इंजिनियर बाई आल्या आणि कारखाना बघायला येते म्हणाल्या. तोपर्यंत कारखान्याची ओढाताण चालली होती. आकार कमी झाला नाही तर एक पाळी बंद करावी लागणार, माणसं घरी जाणार, हे आम्हाला कळत होतं. बाई यायच्या आधी फोरमनने मागच्या कोपऱ्यातल्या गटाराच्या तोंडावर गोणपाटं पसरून ठेवली. बाईंनी साचे पाहिले, लाद्या फोडणारा क्रशर पाहिला, बोटीत पडणारा बर्फ पाहिला. मान डोलावली. परत निघाल्या, तेवढ्यात मामांनी स्वतःच गोणपाटं बाजूला ओढली.

"बाई, ह्यां बघूचा रवला. लादी सुटूक साच्यांर पाणी ओततो, ता हयसून जाता. धुण्याचाही जाता. त्याचे पैशे लावा."

बाई गेल्यावर मी भडकले. "मामा, गप्प बसायचं ना! सगळ्याची वाट लावलीत."

"गो, मी खोटा बिल नको म्हणतंय. मगे माझा मागणा खोटा कसा चलात?"

बाईंनी गटाराकडे जाणाऱ्या पाण्यावर वेगळा मीटर बसवायला सांगितला; त्यात मोजलं जाईल तेवढ्याच पाण्यावर आकार लागणार होता. मग मामा दिवसभर त्या मीटरपाशी. कोणी तिथे पाय धुवायला गेला की हे ओरडायचे, "मेल्या, दर्यात जा!"

आकार कमी करायची मंजुरी यायला इतका वेळ लागला की तोवर मामा कारखाना मुलीवर सोपवून गावी गेले होते. गुडघे साथ देत नव्हते. त्याच वर्षी पावसाळ्यात ते वारले. पण त्याआधी, मंजुरी आली त्या दिवशी मी त्यांना फोन केला होता. आकार बराच कमी झाला, दोन्ही पाळ्या चालू राहणार, हे सांगितलं.

"गटारातला पाणी धरलानी मां हिशेबात?"

"धरलं, मामा."

"मगे बरोबर आसा."

मग त्यांनी विचारलं, "बोटी इल्यो काय गो?"

आल्या होत्या. मी फोन घेऊन बाहेर गेले आणि क्रशरजवळ धरला. लाद्या कडाकडा फुटत होत्या, बर्फ सरसरत बोटीत पडत होता, खलाशी एकमेकांना शिव्या घालत होते. बोट भरून होईपर्यंत मी फोन तसाच धरून उभी राहिले.