भडगावचं भरीत आणि माझं लोणी

लोणी लावून मी आयुष्यात एकदाच काही मिळवलं. महिनाभर स्वतःच्या हातचं जेवण!

सत्तर सालच्या आसपासची गोष्ट. माझी बायको कुसुम लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीला भडगावला माहेरी गेली, ती परत यायचं नाव घेईना. सासूबाईंनी, म्हणजे अक्कांनी, आपल्या तोंडाने ‘घेऊन जा’ म्हटल्याशिवाय लेक निघायची नाही, ही त्या घरची रीत. इकडे जळगावात मी तीन आठवडे करपलेली खिचडी खात होतो.

गल्लीतले मारवाडी शेठ कापड मोजता मोजता म्हणाले, “मास्तर, सासूजींना मक्खन लगाव!”

शेजारी बसलेला गुजराती दलाल म्हणाला, “मस्को मारो, मस्को!”

मी शाळेत मराठी शिकवणारा. म्हटलं, आपलं लोणी काय वाईट आहे? रविवारी पहिली एसटी धरली.

पानात भरीत पडलं. कपाशीच्या काड्यांवर भाजलेली वांगी, हिरवी मिरची, कांद्याची पात. अहाहा!

“कसं शे, जावाईबापू?” अक्कांनी विचारलं.

“अक्का, अख्ख्या जळगावात असं भरीत मिळायचं नाही!”

अक्का खुलल्या. आणखी वाढलं.

“कुसुम करस ना भरीत?”

इथे थांबायला हवं होतं. (पण लोण्याचा हात एकदा सुटला की सुटला!) मी म्हणालो, “कुठलं हो! तिच्या भरताला तुमच्या हाताची सर नाही.”

स्वयंपाकघरातल्या बांगड्या एकदम गप्प झाल्या.

अक्कांनी गालावर हात ठेवला. “आरे देवा! मंग पोरले अशी कशी धाडू? आखो महिनाभर ऱ्हाऊ द्या. बठ्ठं शिकाडीसन धाडसू!”

“अहो, तसं नव्हे, तिचंही चांगलंच असतं...”

“मन राखाले बोलू नका!”

कुसुम दारात आली. “बरोबर आहे अक्काचं. शिकूनच येते!”

परत निघताना ओसरीवर तिची ट्रंक दिसली. सकाळपासून भरून, कुलूप लावून ठेवलेली! मी तोंड बंद ठेवून नुसता जेवलो असतो, तरी बायको मिळाली असती. मांडीवर भरताचा डबा घेऊन एकटाच एसटीत बसलो.

अक्का जाऊन आता पुष्कळ वर्षं झाली. त्यांची फार आठवण येते. कुसुमचं भरीत हुबेहूब त्यांच्यासारखं होतं, पण ते मी तिला अजून सांगितलेलं नाही.

न जाणो, भडगावला एसटी अजूनही जाते!