मागच्या बाकाखालचे पाणी

१९८८च्या जुलैत, स्कॉटलंडला निघायच्या आधीच्या रविवारी, मोटारीमागे जोडलेली आमची कॅरॅव्हॅन इंग्लंडमधल्या मिल्टन कीन्सबाहेरच्या हमरस्त्यावर डावी-उजवीकडे झुलू लागली. नवऱ्याने ब्रेक लावला नाही, फक्त ॲक्सिलरेटरवरून पाय काढला. वेग उतरत गेला आणि गाडी ले-बायमध्ये, रस्त्याकडेच्या थांब्यावर, थांबली. कुणाला लागले नाही. ही चाचणी फेरी होती, गाडीत आम्ही दोघेच होतो.

कॅरॅव्हॅन जुनी घेतली होती. संध्याकाळी नोकरीवरून आलो की एकजण बुरशीचा वास घालवायला गाद्या उन्हात नाहीतर हीटरसमोर टाकी, दुसरा गॅसच्या नळ्या तपासून घेई. पडदे दोनदा धुतले. जेवण बहुतेक वेळा टोस्टवर भागे. मुक्काम फुकटच्या जागी करायचे ठरले होते: तळ्याकाठी, जंगलखात्याच्या कारपार्कमध्ये, परवानगी मिळाली तर एखाद्या शेतकऱ्याच्या कुरणात. अशा ठिकाणी संडास नसतो, वीज नसते, नळही नसतो.

हा खटाटोप सासऱ्यांसाठी होता. सासूबाई जानेवारीत आमच्याच घरी वारल्या. त्यानंतर सासरे फाटकाबाहेर पडले नव्हते. प्रवासाचे सांगितले तेव्हा म्हणाले, "तुम्ही जा. मी रीडिंगला राहतो." रीडिंग शहरात त्यांचा पुतण्या राहत होता. तिथे गेले की ते आमच्या टीव्हीसमोरून उठून पुतण्याच्या टीव्हीसमोर बसतील, एवढाच फरक पडणार होता. पुतण्याकडे न्यायची बॅग त्यांनी स्वतःच भरून हॉलमध्ये ठेवली.

मग जेवताना कुणीतरी बोलून गेले की त्या जागी पाणी नसते.

"म्हणजे अजिबात नाही?"

"नाही, बाबा. बरोबर न्यायचं."

दुसऱ्या दिवशी सकाळी ते बागेतल्या नळाशी उभे होते. ज्या तालुक्यात त्यांची हयात गेली तिथे पाणी टँकरने येई. पाणी आले की घरातले प्रत्येक भांडे भरायचे आणि दुसऱ्या दिवशी शिळे झाले म्हणून बदलायचे, ही सवय त्यांनी इथेही सोडली नव्हती. आता ते रोज कॅन भरून कॅरॅव्हॅनमध्ये नेत, आदले झाडांना घालत, पुन्हा भरत. आम्ही स्वयंपाकघराच्या खिडकीतून पाहत होतो. त्यांना काही करताना कित्येक महिन्यांनी पाहत होतो, त्यामुळे कुणी मध्ये बोलले नाही. त्या आठवड्यात ते म्हणाले, "येतो मी. पाण्याकडं कुणीतरी बघायला पाहिजे." हॉलमधली बॅग मात्र उचलली नाही.

ले-बायमध्ये आम्ही कॅरॅव्हॅनच्या मागच्या बाकाचे झाकण उघडले. आत कॅन होते. कॅनच्या मागे स्क्वॅश सरबताच्या जुन्या बाटल्या, थर्मास आणि प्रेशर कुकर. सगळे पाण्याने काठोकाठ भरलेले. जड सामान चाकांच्या वर ठेवा, मागे नको, असे विकणाऱ्याने बजावले होते. मागचा भार वाढल्याने पुढची बाजू उचलली जाऊन ती झुलत होती.

नवरा पायरीवर बसला. "तू सांगतेस त्यांना?"

"तुझे वडील आहेत."

"मी सांगितलं तर म्हणतील, मग तुम्हीच जा."

"आणि मी सांगितलं तर?"

"तुला काही म्हणणार नाहीत. गप्प बसतील. ते जास्त वाईट."

पाणी तसेच ठेवून आम्ही झाकण लावले. घरी आणताना गाडी अगदी हळू चालवली. मागच्या मोटारींनी हॉर्न वाजवले.

सासरे फाटकाशी उभे होते. "कशी चालली?"

"शेपूट हलवते," नवरा म्हणाला.

"कुत्र्यागत?"

"पाणी सगळं मागं आहे, बाबा. काढावं लागेल. वाटेत पेट्रोल पंपावर नळ असतात. आणि स्कॉटलंडमध्ये काय, वरून रोजच पडतं."

"वरचं मला सांगू नको. वरच्याच्या भरवशावर बसलेली माणसं मी बघितलीत."

मी म्हटले, "निघताना कॅन रिकामे ठेवू. मुक्कामाच्या आधी शेवटचा नळ लागेल तिथं भरून घेऊ."

"तो शेवटचा आहे, हे कळणार कसं?"

ते आत गेले. थोड्या वेळाने बाहेर आले आणि एकेक कॅन गुलाबांच्या मुळाशी ओतू लागले. तोवर पावसाची भुरभुर सुरू झाली होती. शेजारच्या बाईंनी कुंपणावरून त्यांना सांगितले की पाऊस पडतोय. "आय नो," ते म्हणाले आणि पुढचा कॅन उचलला.

पुढचे दिवस सासरे नळाकडे फिरकले नाहीत. पुतण्याचा फोन आला तेव्हा त्याला काय सांगायचे ते आम्हाला ठाऊक नव्हते. नवऱ्याने निघायच्या सकाळी कळवतो म्हणून सांगितले.

शनिवारी सकाळी कॅरॅव्हॅन गाडीला जोडली. कॅन रिकामे होते. सासरे कोट घालून बाहेर आले. त्यांच्या हातात सासूबाईंची स्टीलची कळशी होती, तोंडाला फडके बांधलेली. ती ते मागे ठेवायला गेले नाहीत. मोटारीच्या मागच्या सीटवर बसले आणि भरलेली कळशी दोन पायांमध्ये धरली.

नवरा घरात जाऊन, बाबा आमच्याबरोबर येताहेत, असा रीडिंगला फोन करून आला. बॅग हॉलमध्येच होती. मी दाराला कुलूप लावले.