सिग्नलला उतरलेला माणूस

लालबागच्या आमच्या गॅरेजवाल्याला कुठल्याही गाडीबद्दल विचारा, तो बॉनेटला कान लावतो आणि "थांब" म्हणतो. म्हणून हायब्रिड घ्यायची की नाही ते ठरवायला मी शोरूमची ट्रायलची गाडी थेट त्याच्या दारात नेली. हात पुसत तो शेजारी बसला. "पेट्रोल पण आणि बॅटरी पण? म्हणजे दोन दुखणी!"

परळच्या सिग्नलला इंजिन आपोआप बंद झालं. मी काही सांगायच्या आत हा खाली उतरून मागे धक्का मारायला वाकलेला! "न्यूट्रलला टाक रे!" तेवढ्यात सिग्नल सुटला, मागून हॉर्न वाजले, माझा पाय ब्रेकवरून उचलला गेला आणि गाडी बॅटरीवर अलगद पुढे निघाली. आरशात पाहिलं, तर तो हात तसेच पुढे धरून उभा.

मग धावत आला. "हातातून गेली रे! आवाजसुद्धा नाही!" परत येताना प्रत्येक सिग्नलला तो लाल दिवा लागायची वाट बघत होता.

गॅरेजपाशी उतरून त्याने सवयीने बॉनेटला कान लावला. बराच वेळ.

"घेऊन टाक," तो म्हणाला. "सर्व्हिसिंगला शोरूमलाच ने. पण कधी आवाज आला, तर आधी माझ्याकडे."